पैठणीची उलटी बाजू

दौलताबाद रस्त्यावरच्या त्या शोरूमचं दार ढकललं की आधी माग दिसायचा. मागावर मोतीराम, पुढ्यात अर्धी विणलेली मोरांची पैठणी. वेरूळला निघालेले पाहुणे थांबायचे, फोटो काढायचे, आणि मग मोतीरामची लेक सुलेखा त्यांना गोड बोलत आतल्या कपाटांकडं न्यायची. कपाटातल्या साड्या यंत्रमागावरच्या, परगावाहून गठ्ठ्यानं आलेल्या. मालक कारभारीशेठची ताकीदच होती, "खोटं बोलायचं नाही. नुसता माग दाखवायचा." आता बोला, या डोक्याला काय म्हणावं!

सुलेखाचं इंग्रजी फाकडं. कॉलेजात खरात मॅडमनी शिकवलेलं. मॅडमनी एकदा फसवण्याचे सगळे शब्द फळ्यावर मांडून तासभर त्यांची पिसं काढली होती. तोंडानं खोटं सांगितलं की लाय. खरंच काहीतरी दाखवून माणसाला भलत्या वाटेला लावलं की मिसलीड. लबाडीनं त्याचं काही उपटलं की चीट. सुलेखा सात वर्षं त्या दुसऱ्या शब्दाच्या आडोशाला उभी होती. आपण लाय तर करत नाही, एवढ्यावर तिला घास गोड लागायचा. हल्ली मात्र कपाट उघडताना ती मागाकडं बघायचं टाळायची.

आणि मंगळवारी दुपारी दारातून खुद्द खरात मॅडम आत आल्या. केस पांढरे झालेले, आवाज तोच.

"सुलेखा ना गं तू? लेकीचं लग्न काढलंय. म्हटलं, नकली नको, डोळ्यांदेखत विणलेली घेऊ."

मॅडम मागापाशी रेंगाळल्या, मोतीरामचे हात बघत राहिल्या. मग कपाटातली एक जांभळी साडी त्यांच्या मनात भरली.

"ही यांच्याच हातची का गं?"

असं विचारणाऱ्याला सुलेखा एरवी 'बघा ना, मोर तोच आहे' म्हणून टोलवायची. आज ते जमेना. गल्ल्यावरून कारभारीशेठ टक लावून बघत होता. बाप साठीचा. इथून उठवलं तर त्याला दुसरा माग कोण देणार? आणि दोघांची चूल याच दुकानावर पेटायची.

"व्हय मॅडम," ती म्हणाली.

मॅडमनी पदर उलटायला हात घातला होता, तो काढून घेतला. "पैठणी उलटून बघावी म्हणतात. हातमागाची असली की मागूनही पुढच्यासारखीच दिसते. पण तू सांगतेस म्हटल्यावर मी कशाला बघू?" त्यांनी चष्मा पर्समध्ये टाकला.

सुलेखा घडी घालायला लागली. घडी तिरपी झाली. मोडली, परत घातली, परत तिरपी. फळ्यावरचा शेवटचा शब्द तिला आत्ता आठवला. बिट्रे, म्हणजे दगा देणं. मॅडमनी त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, हे परक्याला जमत नाही, भरवशाच्या माणसालाच जमतं.

तिनं साडी टेबलावर पसरली आणि पदर उलटा केला. मोराच्या पाठीवर सुट्या धाग्यांचा नुसता गुंताडा.

"ही बाबांच्या हातची नाय मॅडम. इथली एकबी नाय."

माग थांबला. मॅडमनी पर्समधून चष्मा काढून परत लावला, धागे बोटांनी चाचपले. "आधी व्हय म्हणालीस."

"म्हणाले."

मॅडमनी तिच्या पाठीवर हातबीत काही ठेवला नाही. पर्स उचलली आणि निघून गेल्या. सुलेखाला ते लई लागलं.

"म्हाताऱ्याला घे आणि चालू लाग," कारभारीशेठ म्हणाला.

मोतीराम सावकाश उठला. आडवा धागा फिरवायचा त्याचा स्वतःचा धोटा तेवढा त्यानं खिशात घातला. बाहेर रणरणत्या उन्हात सुलेखा रडायला लागली, तसा तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "सात वर्षं मी तिथं बसून वाट बघत होतो, पोरी. आधीच उलटायची ना."