हिल्मा बाईंच्या गळाला लागलेली गाडी

तळ्यावर पारा शून्याखाली बावीस अंश उतरला होता, आणि आर्वो कांगास पिकअपमागे गुडघ्यांवर बसून आपल्या रिमोटच्या गाडीला हेअर ड्रायरने शेक देत होता. तिला खेळणं म्हटलेलं त्याला खपत नसे. तिला खरं इंजिन होतं, लिंबाएवढं. ती खरं इंधन प्यायची आणि खरा धूर ओकायची. इंजिन गारठू नये म्हणून त्याने त्याला चंदेरी कागदाचं टोपडं घातलं होतं, चाकांना बर्फात रुतणारे स्क्रू ठोकले होते, आणि इंधनाची बाटली सकाळपासून काखेत उबवली होती. पोटच्या पोरांचे त्याने एवढे लाड केले नव्हते.

"दाजी, बाळाला पडसं झालंय का?" डेल्मरने विचारलं. हा त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. याची गाडी बॅटरीवर चालायची, आणि गेली तीन वर्षं शर्यत तोच जिंकत होता. "छाती चोळायला काही देऊ?"

"स्वतःच्या बॅटरीची काळजी कर. कुडकुडतेय बिचारी."

शर्यत पाच फेऱ्यांची. गोठलेल्या तळ्यावर कॉफीचे रिकामे डबे मांडून मार्ग आखला होता. पलीकडे, आवाजापासून दूर, मासेमारीची स्पर्धा चालू होती. तिथल्या वजनकाट्यावर आर्वोची बायको व्हर्ना बसली होती.

आर्वोने इंजिन चालू करायची दोरी ओढली. काही नाही. अकरा वेळा ओढली. डेल्मर मोठ्याने मोजत होता. बाराव्या ओढीला इंजिन असं किंचाळलं की डेल्मरच्या हातातली कॉफी त्याच्याच बुटावर सांडली.

थंडीने आपलं काम चोख केलं. डेल्मरची गाडी दुसऱ्या फेरीत कण्हायला लागली आणि तिसऱ्या फेरीत जागच्या जागी मेली. आर्वो बर्फावर नाचायचाच बाकी होता. "ऊठ म्हणावं! शाळेची घंटा झाली!" तो ओरडला, आणि वळणावर त्याने रिमोट डावीकडे फिरवला.

गाडी वळली नाही.

त्याने पुन्हा फिरवला. मग हलवला. मग रिमोटला शिव्या घातल्या. गाडी नाकासमोर, भन्नाट वेगाने, मासेमारीच्या स्पर्धेकडे निघाली. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. रिमोटचं ऐकणारी गाडीतली छोटी बॅटरी रात्रभर पिकअपमध्येच राहिली होती. इंजिन उबवलं, इंधन उबवलं, आणि नेमके कानच गोठवले.

"बाजूला व्हा!" करत दोघे धावले. बर्फावर धावणं म्हणजे चार पावलं पुढे आणि एकदा बुडावर.

पुढे हिल्मा बाई उलट्या बादलीवर बसून पेंगत होत्या. बर्फातल्या भोकात त्यांचा गळ सोडलेला. अख्ख्या गावाला त्यांनी तिसरीत शिकवलेलं, आर्वोलाही. गाडी त्यांच्या पुढ्यातून गेली, दोरा चाकात गुंतला, आणि भोकातून गळ फटकन बाहेर आला. गळाला वीतभर मासा होता. गाडी पुढे, मासा तिच्यामागे हवेत.

बाई ताडकन उठल्या. "लागला! मोठा लागलाय!"

"बाई, ती माझी गाडी आहे!"

"मध्ये बोलू नकोस, आर्वो!"

आर्वो गप्प बसला. तिसरीत लागलेली सवय. बाई टाचा रोवून मागे रेलल्या, दोरा सोडत आणि गुंडाळत राहिल्या. गाडी त्यांच्याभोवती मोठमोठ्या गोल चकरा मारत होती, वरून मासा प्रत्येकाला चापट मारत चालला होता. डेल्मरला दोनदा बसली. चार मिनिटांनी इंधन संपलं आणि गाडी धुराचा शेवटचा उसासा टाकून उलटली.

बाईंनी ती शांतपणे ओढून आणली, काखोटीला मारली आणि थेट काट्यावर ठेवली.

"नऊ पौंड," व्हर्ना म्हणाली. "पण बाई, हा मासा नाही. हे आमच्या घरचं आहे. वास ओळखते मी."

"नियमात काय लिहिलंय? गळाने धरून ओढलेली शिकार. दाखव, चार चाकांची नसावी असं कुठे लिहिलंय?"

व्हर्नाने कागद दोनदा वाचला. लिहिलं नव्हतं. मग ती हसू दाबत म्हणाली, "गाडी बाद. मासा अर्धा पौंड. आणि सगळ्यांत जास्त वेळ झुंज दिली म्हणून हे केकचं बक्षीस तुम्हाला."

"केक ठेवते. आणि शिकारही माझीच."

"बाई, असं नका करू हो," आर्वो रडकुंडीला आला. "डिसेंबरपासून एकेक स्क्रू लावलाय तिला."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "मग परत देते. पण आधी मला चालवायला शिकव."

बॅटरी त्यांनी स्वतःच्या हातमोज्यात उबवली. आर्वोने इंधन भरलं आणि दोरी ओढली, सात वेळा. बाईंनी रिमोट हातात घेतला, कुठलं बटण कशाचं ते एकदाच विचारलं, आणि सगळं एकदम पुढे ढकललं.

"हळू, बाई! थोडंसंच दाबायचं!"

"थोडंसं कशाला?" बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "डेल्मर! पळायला लाग रे!"

डेल्मरने मागे वळून पाहिलं, हातातली मेलेली गाडी पोटाशी धरली आणि तो किनाऱ्याच्या दिशेने सुटला. आर्वो बाईंच्या केकचा तुकडा खात बादलीवर बसला. शर्यत कोण जिंकलं हे त्याने विचारलंच नाही.