पिशवीतला णा

ताईने पटावर ‘समजूतदार’ लावला तेव्हा तिला वाटलं, आज तरी भावाची बोलती बंद होणार. अक्षरांच्या सहा सोंगट्यांचा शब्द! त्याने शांतपणे शेवटी ‘प’ आणि ‘णा’ जोडले. समजूतदारपणा. खेळाचा नियमच तसा: शब्द वाढवला की अख्ख्या शब्दाचे गुण वाढवणाऱ्याला.

“दर रविवारी णा तुझ्याकडेच कसा रे येतो?”

“नशीब,” तो म्हणाला.

अख्ख्या संचात णा एकच होता. गेल्या रविवारी ‘मूर्ख’पाशी तोच, त्याआधी ‘हट्टी’पाशीही तोच. ताईने शिवणकामावर संसार रेटला होता. चुकलेला टाका तिला दुरून दिसे. सोंगट्या काढताना भावाची बोटं पिशवीत जरा जास्तच रेंगाळतात, हे तिने कधीच हेरलं होतं. सोंगट्या लाकडी, अक्षरं कोरलेली. आणि याने तर जन्मभर छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवलेले. बोटांनीच वाचत असणार, लबाड!

बुधवारी तिने सगळ्या सोंगट्या मांडल्या आणि प्रत्येकीवर पारदर्शक चिकटपट्टी लावली. कडा कात्रीने अशा कापल्या की पट्टी आहे हे नखालाही कळू नये.

रविवारी भावाने पिशवीत हात घातला आणि थबकला.

“गुळगुळीत का लागतायत?”

“पुसल्यात,” ताई म्हणाली आणि मनात हसली.

तिने मुद्दामच ‘प्रामाणिक’ लावला. भावाने बराच वेळ सोंगट्या नाकाशी धरल्या, मग दोन पुढे सरकवल्या. “प्रामाणिकपणा!”

पटावर ‘प्रामाणिकपगा’ होतं.

आता हा उघड उघड फसवायला लागला, असं वाटून ताई उसळली. “हा गा आहे. आंधळा आहेस का?”

त्याने बोट त्या सोंगटीवर फिरवलं. पुन्हा फिरवलं. तेव्हा ताईने त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिलं.

“कधीपासून?”

“वर्ष झालं असेल. सगळं धुरकट दिसतं. ऑपरेशनची भीती वाटते गं.”

“म्हणून चाचपत होतास?”

“पटावर, हो.” त्याने मान खाली घातली. “पिशवीत मात्र जिंकायलाच.”

ताईला रागवावं की रडावं कळेना. सोमवारी सकाळी तिने त्याला दंडाला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली.

तोवर खेळ बंद ठेवायला दोघंही तयार नव्हते. मग ठरलं, पिशवीतून दोघांच्याही सोंगट्या ताईने काढायच्या आणि त्याच्या अक्षरांची नावं त्याला हळूच सांगायची. पहिल्याच डावात ती सत्तर गुणांनी जिंकली.

“मला तीन ळ आले,” भाऊ म्हणाला.

“आले त्याला मी काय करू?”

“संचात ळ आहेत किती?”

“खेळ मुकाट्याने,” ताई म्हणाली आणि पिशवीची नाडी ओढून घेतली.