मॅच बेरिल सांगायची

नेव्हिल क्रॉसलीचे डोळे एकतिसाव्या वर्षी गेले, पण शनिवारची मॅच सुटली नाही. फुटबॉल क्लब छोटा, चौथ्या दर्जाचा. स्टँडवर पत्रे, पावसात गळणारे. नेव्हिल तिथं बायकोशेजारी बसायचा आणि बेरिल त्याच्या कानाशी लागून सगळी मॅच सांगायची. चौतीस वर्षं तिनं सांगितली. मागच्या नोव्हेंबरात ती गेली.

मग तो अंध प्रेक्षकांच्या रांगेत बसू लागला. तिथं क्लब प्रत्येकाला हेडफोन देतो आणि वर बसलेलं एक माणूस फक्त त्यांच्यासाठी मॅच सांगत असतं. जुने निवेदक आजारी पडले म्हणून सहा मॅच टेसा ऍशवर्थ नावाच्या मुलीनं सांगितल्या. पहिल्याच मॅचला ती म्हणाली, "त्यांचा डावा बॅक लंगडतोय, पण कुणाला कळू देत नाहीये." नेव्हिलच्या अंगावर काटा आला. बेरिल गेल्यानंतर त्याला मैदान पहिल्यांदाच दिसलं.

आता जुने निवेदक परत येणार नव्हते. टेसाला घ्यायचं की गॅरीला, एवढाच प्रश्न होता. गॅरी एके काळी क्लबच्या राखीव संघात खेळलेला. "ऐकणारे तुम्ही पाच जण, तुम्हीच ठरवा," असं सेक्रेटरीनं सांगितलं. म्हणून मॅचच्या दिवशी दुपारी बारा वाजता पाचही जण क्लबच्या कॅन्टीनमध्ये चहा घेऊन बसले. टेसालाही बोलावलं होतं.

"पोरगी चांगली आहे," ट्रेव्हर म्हणाला. गटाचा म्होरक्या तोच. "पण कानात बाईचा आवाज आला की मला वाटतं, घरचा कचरा बाहेर ठेवायचा राहिला."

सगळे हसले.

"आणि याचा मोजा घसरला, तो लंगडतोय... अगं, मॅच सांगतेस की शेजारपाजारच्या चहाड्या?"

"मोजा वर ओढायला तो वाकला आणि तेवढ्यात आपण कॉर्नर घेतला," टेसा म्हणाली. "आपला माणूस मोकळा सुटला. गोल त्यामुळंच झाला."

"घ्या! वादही घालते. अगदी घरच्यासारखं वाटतंय."

पुन्हा हशा झाला. मग ट्रेव्हर म्हणाला, "आपण कशाला भांडायचं? नेव्हिल सांगेल ते खरं. डोळसांना दिसत नाही ते आपल्या नेव्हिलला दिसतं. पण आधी तो बेरिलचा किस्सा होऊन जाऊ दे रे!"

किस्सा असा होता. हाफ टाइमनंतर दोन्ही संघांनी बाजू बदलल्या, तर बेरिल म्हणाली, "अगं बाई, आपला गोल कुठला ते विसरले की काय हे!"

बेरिल असं कधीच म्हणाली नव्हती. मॅच झाल्यावर पबमध्ये नेव्हिल बोलायला लागला की सगळे गप्प बसून ऐकत. कुणाची दमछाक झालीय, कोण मागं जागा मोकळी सोडतोय, सगळं तो सांगायचा. एकदा कुणीतरी म्हणालं, "बायको शिकवते वाटतं." तेव्हा त्यानं हा किस्सा जागच्या जागी रचला. बेरिल शेजारीच बसली होती. तीही हसली. घरी जाताना बसमध्ये ती काही बोलली नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा त्याच्या कानाशी लागून मॅच सांगायला लागली. किस्सा मात्र पंचवीस वर्षं चालला.

"सांग ना रे."

"तो किस्सा खोटा आहे," नेव्हिल म्हणाला. "मीच रचला होता. मी पबमध्ये जे काही बोलायचो ते सगळं बेरिलचं. मैदानात कोण कुठं आहे हे मला कसं कळणार? ती सांगायची, मी तुम्हाला सांगायचो. ही मुलगी तिच्यासारखंच बघते. हिला ठेवा."

मग ट्रेव्हरनं चाचपडत त्याचा खांदा धरला.

"बाबा रे, माणूस गेलं की देव वाटायला लागतं. माझी डोरीन गेली तेव्हा मीही सांगत सुटलो होतो की तिच्यासारखं जेवण कुणी करत नाही. अरे, ती पाणीसुद्धा करपवायची!"

"मी खरं सांगतोय, ट्रेव्हर."

"हो, हो. आम्ही कुठं नाही म्हणतोय? पण हे वर्ष तुझं दुःखाचं. तुझं मत आम्ही मनाला लावून घेत नाही."

हात वर करण्यात अर्थ नव्हता, म्हणून एकेकानं नाव सांगितलं. गॅरीला चार, टेसाला एक. नेव्हिलनं आणखी एकदा तोंड उघडलं. तेवढ्यात कुणीतरी त्याच्यापुढं गरम चहा सरकवला आणि प्रेमानं म्हणालं, "पी रे."

बाहेर जिन्यापाशी टेसानं त्याला गाठलं.

"बोललात ते बरं केलंत, मिस्टर क्रॉसली."

"उपयोग झाला नाही."

"नाही झाला." ती कोटाची बटणं लावत होती. "ते मिसेस क्रॉसली असताना बोलायला हवं होतं. तेव्हा लोकांनी त्यांनाच विचारलं असतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला काही उत्तर देता आलं असतं. ती जिना उतरून गेली.

गॅरीनं त्याच दिवशी सुरुवात केली. आवाज भरदार होता, खेळाडूंना टोपणनावानं हाक मारत होता. ट्रेव्हर खूश होता. चाळिसाव्या मिनिटाला सगळं स्टँड एकदम उठलं, पत्रे हादरले आणि हेडफोनमध्ये गॅरी ओरडला, "बाप रे! काय मारलाय! अरे, बघायला पाहिजे होतं हे!" मग तो नुसताच हसत राहिला.

ट्रेव्हरनं कोपरानं ढोसलं. "कुणी मारला रे?"

"माहीत नाही."

"चल, गंमत पुरे. आपला की त्यांचा?"

"मला दिसत नाही, ट्रेव्हर," नेव्हिल म्हणाला. "कधीच दिसत नव्हतं."

पण त्या गोंगाटात ट्रेव्हरला ऐकू गेलं नाही. तो पलीकडच्याला विचारत होता, पलीकडचा त्याच्या पलीकडच्याला.