साखळीला ढील

मॉस फेरीत सकाळी डोनटच्या दुकानात जे बोललं जातं, ते दुपारपर्यंत शाळेत पोचतं, हे व्हर्लिन स्टॅकहाउसला ठाऊक नव्हतं असं नाही. सगळा जन्म याच गावात गेला होता त्याचा. तरीही त्या गुरुवारी तो बोलून बसला.

विषय महिनाभर एकच चालला होता. टोबिनला पहिल्यापासून खेळवायचं की बाकावर बसवायचं? टोबिन हा व्हर्लिनचा नातू, मुलीचा मुलगा. मुलगी नोकरीसाठी सिनसिनाटीला, पोरगा इथे आजोबांजवळ. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात बॉल काखेत दाबून समोरच्या गर्दीत घुसायचं काम त्याचं. गेल्या वर्षी तो असा पळायचा की गुडघे धरलेली माणसंही ताडकन उभी राहायची. यंदा काय झालं कोण जाणे. हातात बॉल आला की तो क्षणभर थबकायचा, कुणीतरी हाक मारली असावी तसा, आणि तेवढ्यात समोरचे आडदांड त्याच्यावर कोसळायचे.

"येईल रे लयीत," लॉनी प्रूट म्हणाला. "पोरगं आहे. वाढीचं वय. पाय लांब झालेत, ते कुठे ठेवायचे ते त्याला अजून कळत नाहीये."

"मग कळेपर्यंत बाकाखाली ठेव म्हणावं," गस म्हणाला. "बाकावरच्या केंडलला बघ. बॉल मिळाला की सुटला."

"केंडलच्या हातातून बॉल सुटतो, तो नाही सुटत! साबणाच्या वडीसारखा निसटतो लेका."

"निसटतो ना, पण पुढे जाऊन निसटतो! तुझा टोबिन जिथे उभा असतो तिथेच झोपतो."

दुकान हसलं. मग सगळ्यांनी व्हर्लिनकडे बघितलं. त्याचं कारण होतं. व्हर्लिन, लॉनी आणि गस हे तिघं घरच्या मैदानावरचे साखळीवाले. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाही तर बॉल दुसऱ्याच्या हवाली करायचा, असा हा खेळ. आणि ते दहा यार्ड मोजायची साखळी या तिघांच्या हातात. मागची काठी लॉनीकडे, पुढची व्हर्लिनकडे, आणि कितवा प्रयत्न चाललाय ते दाखवणारा खांब गसकडे. त्यातही व्हर्लिनचा शब्द म्हणजे शब्द. बाहेरगावचे संघसुद्धा त्याच्या मापावर कधी हुज्जत घालत नसत.

व्हर्लिनने कॉफीचा पेला खाली ठेवला. "माझा नातू आहे म्हणूनच सांगतो. ती जागा यंदा त्याने कमावलेली नाही. बसवा त्याला."

लॉनीने तोंडच फिरवलं. व्हर्लिन मात्र ताठ मानेने दुकानाबाहेर पडला. सरळ माणसाला आपल्या सरळपणाचा थोडा माज असतोच, आणि व्हर्लिनला तो थोड्याहून जरा जास्तच होता.

संध्याकाळी जेवायला बीन्स आणि मक्याचा पाव होता. टोबिन खाली मान घालून जेवला, ताटली धुतली, आजोबांचीही धुतली आणि खोलीत गेला. शुक्रवारीही तेच. भांडण नाही, आदळआपट नाही. पोरगा चिडला असता तर व्हर्लिनला बरं वाटलं असतं. दार आपटलं असतं तर त्यानेही आवाज चढवला असता. पण ही धुतलेली ताटली! तिला काय उत्तर देणार?

शनिवारी दुपारी सामना होता. मैदानाचे दिवे मागच्या पुरात गेल्यापासून सामने दुपारीच होत. सकाळपासून नदीवर धुकं होतं, ते उठायचं सोडून गावात शिरलं. आधी पूल गेला, मग चर्चचा कळस, मग एकेक करून रस्त्यावरची दुकानं. व्हर्लिन मैदानाच्या फाटकाशी पोचला तेव्हा फाटकही हाताला लागलं तेव्हाच कळलं.

कोच रस्क तिथेच उभे होते. वयाने व्हर्लिनपेक्षा बरेच लहान, पण काळजीने म्हातारे झालेले.

"व्हर्लिनकाका, तुमचं गुरुवारचं बोलणं आलं माझ्या कानावर."

"येणारच."

"निम्मं गाव तुमच्यासारखंच म्हणतंय. निम्मं उलटं. माझ्या बायकोचं मत तर रोज बदलतं." कोचनी उसासा टाकला. "मी आज त्यालाच उतरवतोय. आणि एकदा तरी, अडचणीच्या चौथ्या प्रयत्नाला, बॉल त्याच्याच हातात देणार आहे. गेला पुढे, तर पुढच्या शनिवारच्या बाद फेरीतही तोच. नाही गेला तर केंडल. त्यालाही सांगितलंय मी हे."

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, ठीक आहे सर."

व्हर्लिनने मान हलवली आणि आपली काठी उचलायला गेला. ठीक आहे सर. घरात तर तो तेवढंही बोलला नव्हता.

सामना सुरू झाला असं म्हणायचं, कारण शिट्टी ऐकू आली. प्रेक्षकांची बाकं पार विरघळून गेली होती. तिथून नुसते आवाज येत, आणि तेही भलत्याच बाजूने. शाळेचा बँड कुठेतरी आकाशात वाजत होता. मैदानावरची पोरं धुक्यातून उगवायची, एकमेकांवर आदळायची, पुन्हा धुक्यात जायची. माइकवरच्या माणसाची तर दैनाच.

"बॉल दिलाय... कुणाला तरी दिलाय... आणि तो निघालाय... मंडळी, तो नक्कीच कुठेतरी निघालाय."

"टोबिनला काढा!" वरून कुणीतरी ओरडलं.

"अहो तो टोबिन नव्हताच!"

"मग कोण होता?"

"मला काय माहीत! पण टोबिन नव्हता!"

"नसू दे! तरी काढा!"

व्हर्लिनला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. साखळीवाल्याने कुणाची बाजू घ्यायची नसते, टाळी वाजवायची नसते, हूं की चूं करायचं नसतं. तो काठी धरून कडेला उभा होता. तरुणपणी तो कोळशाचे सपाट पडाव ढकलणाऱ्या बोटीवर कामाला होता. असं धुकं आलं की बोट काठाला नाक लावून उभी करायची आणि वाट बघायची, एवढंच. इंजिन हळू घुरघुरत असायचं. पाण्याचा तळ लागत नसे, काठही दिसत नसे, आणि आपण कुठे आहोत हा विचार हळूहळू सुटून जायचा. त्या वेळी त्याला घरची माणसं आठवायची, आणि एरवी तोंडातून न निघणारं काहीबाही तो त्यांच्याशी मनातल्या मनात बोलायचा. घरी गेल्यावर त्यातलं एक अक्षर कधी बोलला नव्हता. बायको गेली तेव्हाही नाही.

आता तसंच झालं. धुक्यातून टोबिन आला, अगदी त्याच्यासमोर, हात लावता येईल इतका जवळ. बॉल काखेत. थबकला. डोळे मोठे झालेले, श्वासाची वाफ. आणि व्हर्लिनला आतून एकदम कळलं की हा पोरगा घाबरत नाहीये, आळसही करत नाहीये. तो नीट पळायचं म्हणून जिवाचा आटापिटा करतोय. गेल्या वर्षी त्याला पळताना काही ठरवावं लागत नव्हतं. यंदा प्रत्येक पाऊल ठरवतोय, आणि ठरेपर्यंत वेळ निघून जातेय. मग तिघं त्याच्यावर पडले आणि धुक्याने सगळं झाकलं.

जागा कमावलेली नाही. खरंच होतं ते. पण तेवढंच खरं होतं का?

तिसऱ्या सत्रात दोन्ही संघ बरोबरीत होते. चौथा प्रयत्न आला. पुढची काठी गाठायला दोन हात अंतर होतं. कडेला उभ्या कोचनी बोट वर करून टोबिनकडे दाखवलं.

हाच तो.

शिट्टी झाली. धुक्यात एक काळा गठ्ठा झाला, हलला, कण्हला आणि कोसळला. बँडदेखील थांबला होता. पंचांनी एकेक पोरगं बाजूला काढलं. सगळ्यात खाली टोबिन, बॉल पोटाशी धरून. बॉल जिथे होता तिथे ठेवला गेला. तो पुरेसा पुढे गेला की नाही, नुसत्या डोळ्याने सांगता येईना.

"साखळी!" पंच ओरडले.

तिघं मैदानात आले. लॉनी मागची काठी घेऊन मागे गेला आणि दिसेनासा झाला. साखळीवरची मधली खूण एका पंचांनी रेषेवर दाबून धरली, तेही नुसते सावलीएवढे. व्हर्लिन पुढची काठी घेऊन बॉलपाशी आला. आता फक्त ओढायचं. साखळी ताणली, काठी टेकवली, की जे असेल ते. किती वेळा केलं असेल हे! पण आता त्याने साखळी ओढली ती अर्धीच. उरलेली ओल्या गवतात लोळत राहिली. त्याने ठरवलं नव्हतं. हाताने परस्पर केलं. काठी बॉलच्या टोकाच्या अलीकडे टेकली, म्हणजे टोबिनने दहा यार्ड गाठल्यासारखं दिसलं.

मुख्य पंच गुडघ्यावर बसले होते. चष्म्यावर पाणी साचलं होतं, ते तो पुसत होते.

"ताणली का हो, व्हर्लिन?"

"ताणली."

स्वतःचा आवाज त्याला दुसऱ्याच कुणाचा वाटला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो मैदानावर खोटं बोलला होता, आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही. वाटली ती भीती, कुणी हे हिसकावून घेईल याची.

टोबिन दोन पावलांवर उभा होता. हनुवटीवर चिखल. तो साखळीकडे बघत होता. मग त्याने आजोबांकडे बघितलं. गुरुवारपासून पहिल्यांदाच नीट, सरळ बघितलं. आणि व्हर्लिनला दिसलं की त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, कपाळावरची आठी गेली, आणि तो पुन्हा लहान दिसायला लागला.

तो बुटाची नाडी बांधल्यासारखा वाकला. गवतातली साखळी त्याने एका बोटावर उचलली. बोटाखाली ती झोक्यासारखी लोंबली.

"ओढा, आजोबा," तो अगदी हळू म्हणाला.

व्हर्लिन हलला नाही.

"ओढा ना. मला कळलं. आता ओढा."

व्हर्लिनने ओढली. साखळी पोराच्या बोटावरून सरसरत गेली आणि ताठ झाली. काठी बॉलच्या पुढे सरकली. पंचांनी चष्मा चढवला, वाकून बघितलं, काठी आणि बॉल यांच्यामध्ये हाताचा पंजा आडवा धरून बघितला. मग उठून त्यांनी हात दुसऱ्या बाजूला केला. बॉल समोरच्या संघाकडे गेला. वरून बाकांवरून काय झालं, काय झालं असे आवाज आले, आणि कुणीतरी ते ऐकून पुढच्याला सांगितलं, पुढच्याने त्याच्या पुढच्याला, आणि धुक्यात एक लांबलचक निराश हुंकार फिरत गेला. टोबिन बाकाकडे चालत गेला. हेल्मेट काढून बसला. केंडल उठून हेल्मेटचा पट्टा आवळायला लागला.

सामना मॉस फेरीने जिंकला, केंडलने बॉल निसटायच्या आत रेषेपार नेला म्हणून. व्हर्लिनने त्यातलं फारसं काही बघितलं नाही.

सगळं संपल्यावर तो काठी घेऊन मुख्य पंचांकडे गेला. "मघाशी तुम्हाला ताणली म्हणालो ना, तेव्हा ती ताणलेली नव्हती."

पंचांनी खांदे उडवले. "पण मी बघितलं तेव्हा होती."

"ते माझ्यामुळे नाही. पुढच्या शनिवारी दुसरा माणूस शोधा." त्याने काठी त्यांच्या हातात दिली.

"अरे वेडा झालास का?" मागून लॉनी आला. "कुणी बघितलं नव्हतं! मला मागच्या टोकाला कळलं होतं ढील आहे ते, मी बोललो का काही? तूच दुकानात म्हणालास ना, बसवा त्याला?"

"म्हणालो."

"मग?"

व्हर्लिन गाडीकडे चालायला लागला.

त्याच्या गाडीला टेकून टोबिन उभा होता. केस ओले, खांद्यावर पिशवी. दोघं आत बसले. काचेबाहेर काही म्हणजे काहीच नव्हतं, म्हणून व्हर्लिनने इंजिन सुरू केलं पण गाडी हलवली नाही.

"मी लायक नाही म्हणाला होतात तुम्ही," टोबिन म्हणाला.

"यंदा नाहीसच."

"अजूनही?"

"अजूनही. केंडल बरा आहे तुझ्यापेक्षा. हातांना जरा राख लावली पाहिजे त्याच्या, एवढंच."

टोबिन हसला. "मग साखळी?"

व्हर्लिनने स्टिअरिंगवरच्या हातांकडे बघितलं. जाड, डाग पडलेले, बोटीच्या दोरांनी सोललेले. "मी खरं तेच बोललो होतो. पण सगळं बोललो नव्हतो. मला ते बोलता येत नाही रे. तुझ्या आजीलाही कधी..." त्याने वायपर एकदा फिरवले. "तू माझा फार लाडका आहेस, टोबिन. पळालास तरी, पडलास तरी."

पोराने मान वळवून खिडकीकडे केली. त्याचा श्वास काचेवर उमटला. मग तो म्हणाला, "पुढच्या शनिवारी तुम्ही साखळीवर नसणार ना?"

"नाही."

"मग कुठे?"

"वर बसेन, बाकांवर. लोकांसारखा."

"पण आजोबा, मी खेळणारच नाहीये."

"माहीत आहे मला," व्हर्लिन म्हणाला. "तू कुठे बसणार आहेस तेवढं सांग, म्हणजे समोरची जागा धरतो."