साठातला स

“लग्नवाल्यांनी फोनवर साठ खुर्च्या भाड्यानं मागवल्या होत्या, आणि तुझ्या मावशीनं पाठवल्या आठ,” काका म्हणाले. “बाकीचे एकमेकांच्या मांडीवर बसले असतील.”

मावशी हसली नाही. “कानच गेले माझे. दुकानाच्या किल्ल्या दुपारीच भागीदाराला देऊन आले. उद्यापासून फोन तो घेईल. मी गोदामात मोडक्या खुर्च्या निवडत बसेन.”

भाचीनं मावशीच्या कानाकडे पाहिलं. त्यातलं ऐकण्याचं यंत्र भाचीच्याच कंपनीचं होतं. चाचणीसाठी तिनंच ते मोठ्या तोऱ्यात आणून दिलं होतं.

यंत्रातली चिप एवढीशी, म्हणून तिचा प्रोग्राम लॅपटॉपवर तयार करून मग चिपमध्ये भरायचा. कुठला आवाज किती वाढवायचा याचा तक्ता मात्र आणखी एक छोटा प्रोग्राम बनवून देई. ऑफिसात त्याला सगळे तक्तेवाला म्हणत. तक्तेवाल्याचं काम लॅपटॉपवरच उरकायचं, म्हणून त्याला लॅपटॉपसाठीच तयार करायला हवं. तिनं घाईत सगळंच चिपसाठी तयार केलं, तक्तेवाल्यासकट. मग तो लॅपटॉपवर चालेना. तेव्हा तिनं वेळ मारून नेली: लॅपटॉपवर एक जुना तक्तेवाला पडून होता, तोच जोडून दिला. काम बिनबोभाट पार पडलं. पण जुन्याला जुनाच मायक्रोफोन माहीत. त्याच्या तक्त्यानं नव्या यंत्रात बारीक, उंच आवाज दाबून टाकले. त्यांत ‘स’ आला. साठातला स गेला की उरतात आठ.

हे तिला आज सकाळीच कळलं होतं. दुरुस्त प्रोग्राम तिच्या बॅगेतल्या लॅपटॉपवर तयार होता. यंत्र साफ करायच्या निमित्तानं मागून घ्यायचं, गुपचूप भरायचं आणि मावशीला वाटू द्यायचं की कान सुधारले, असा बेत ती वाटेत रचून आली होती. पण किल्ल्या गेल्या होत्या; गुपचूप दुरुस्तीनं त्या परत येणार नव्हत्या.

“मावशी, चूक माझी आहे,” ती ताटाकडे बघत पुटपुटली.

“काय? मोठ्यानं बोल गं.”

“चूक माझी आहे!”

काकांचा हात ताटातच थांबला. आता मागे फिरणं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं, तेही ओरडून, कारण हळू बोललेलं मावशीला पोचतच नव्हतं.

“म्हणजे माझे कान...”

“होते तसेच आहेत. तक्ता चुकला. मी चुकवला.”

“तुला कधी कळलं?”

“सकाळी.”

“सकाळी!” मावशीनं यंत्र काढून तिच्यासमोर ठेवलं. “फोन का नाही केलास? दुपारभर मी त्या भागीदारासमोर रडले. म्हातारी झाले, म्हणाले. तो बिचारा पाणी आणून देत होता.”

भाचीनं यंत्र उचलून हातात घेतलं. आता काही सांगितलं असतं तरी यंत्राशिवाय मावशीला ते ऐकू आलं नसतं.

“आधी हे नीट कर,” मावशी उठत म्हणाली. “मग चपला घाल. किल्ल्या आणायला जाऊ. आणि त्याच्या दारात हेच सगळं सांगायचं, आत्ता सांगितलंस तेवढ्याच मोठ्यानं.”