सातवा स्क्रू

"सिस्टर, पेशंट कधीच गेलाय. तुम्ही अजून नाडी बघताय!"

उस्ताद बॉनेटवर कोपर टेकून उभा होता. तोंडात लवंग, हातात पाना आणि चेहऱ्यावर मयताला आल्यासारखा भाव. गल्लीच्या टोकाला त्याचं गॅरेज होतं. लहानपणी धनुर्वाताचं इंजेक्शन घेताना त्याने सिस्टरच्या मनगटाला कडकडून चावा घेतला होता, आणि तेव्हापासून तिची थट्टा करायचा परवाना आपल्याला जन्मभरासाठी मिळाला आहे अशी त्याची समजूत होती.

"कोपर काढ आधी," सिस्टर म्हणाली. "रंग ओला आहे."

तो दचकून सरकला. कोपराला तांबड्या लेपाचा चांगला मोठा शिक्का बसला होता.

"सांगायचं नाही का?"

"सांगितलं की. चावा घेतलास तेव्हापासून तुझं ऐकण्याकडे लक्ष नाही."

गाडी जुनी होती, कापडी टपाची. टप मागे दुमडला की पुढच्या दोन सीट आभाळाखाली यायच्या. सीट दोनच. सिस्टरच्या धाकट्या भावाने ती तरुणपणी कुणाच्या तरी परसातून, झुडपं तोडून ओढत आणली होती. तेव्हापासून ती मागच्या शेडमध्ये चार विटांच्या ढिगांवर बसून होती. भाऊ नकाशे काढणाऱ्या कचेरीत होता. केसाएवढी बारीक रेघ एका दमात ओढणारा माणूस, आणि सुट्टीच्या दिवशी मात्र कोपरापर्यंत काळा. सिस्टर ऑपरेशन थिएटरला. तिचे हात दिवसातून वीस वेळा धुतलेले. दोघांचीही लग्नं राहून गेली. का राहिली हे एकमेकांना विचारायचंही राहून गेलं. एका छपराखाली अडतीस वर्षं काढली. बोलणं बेताचं. "भाजी संपली." "छत्री ने." "झोप आता." तेवढ्यात सगळं भागायचं.

भाऊ जाऊन आठ महिने झाले होते. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. गल्लीत सिस्टर म्हणणारे शंभर होते. ताई म्हणणारा एकच होता.

मग घरमालकाने निरोप धाडला की शेड पाडायची आहे, शनिवारी माणसं येतील, तोवर ते धूड हलवा. भंगारवाला तर दारातूनच अंदाज घेऊन गेला. शेवटी उस्ताद म्हणाला होता, "माझ्याकडे एक कोपरा आहे. पण एक सांगतो सिस्टर, चालत आली तर ठेवीन. ओढून आणायची असेल तर नको. गॅरेजमध्ये एकदा मढं ठेवलं की लोक जिवंत गाड्या आणत नाहीत."

आज गुरुवार होता.

आठ महिन्यांत तिने काय नाही केलं! पॉलिश पेपर घासून घासून दारांचा गंज उतरवला. गंजाचं एक असतं, वरून पुसला तर आतून पुन्हा फुटतो. जखमेसारखा तो मुळापासून खरवडावा लागतो, आणि ते काम तिला माहीत होतं. टपाचं कापड चार ठिकाणी फाटलं होतं, ते तिने वाकड्या सुईने शिवलं. सलग शिलाई नाही. प्रत्येक टाका वेगळा, प्रत्येकाला वेगळी गाठ. एक तुटला तरी बाकीचे धरून राहतात.

"टप शिवलाय की अपेंडिक्स?" उस्तादने विचारलं होतं. पण नंतर दोन्ही हातांनी कापड ताणून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी चार चाकं घेऊन आला, विटा काढल्या, आणि गाडी जमिनीवर उतरवून दिली.

एक जागा मात्र सिस्टरने आठ महिन्यांत उघडली नव्हती. इंजिनाच्या कुशीत बसलेला तो पितळी डबा. कार्बोरेटर.

"हा उघडल्याशिवाय काही खरं नाही," उस्ताद आता बॉनेट उचलून म्हणाला. "हे हिचं फुफ्फुस. रोज बघतोय, तुम्ही याच्याजवळ आलात की फडका घेऊन दुसरीकडे वळता. का?"

सिस्टरने हात पुसले. मग पदराला बांधलेली गोळ्यांची डबी सोडून त्याच्यापुढे धरली. आत चामड्याच्या तीन गोल चकत्या होत्या.

"चपला शिवणाऱ्याकडून कापून आणल्यात. तीन आणल्या. एखादी बिघडली तर."

"पंपाचे वॉशर? आतला गेलाय हे तुम्हाला कसं माहीत?"

"मीच घालवला," ती म्हणाली.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. भावाने कार्बोरेटर सुटा करून त्याचे भाग वर्तमानपत्रावर मांडून ठेवले होते. काळे, चिकट. तो कचेरीत गेला आणि सिस्टरची त्या दिवशी सुट्टी होती. तिला वाटलं, आपणही थोडा हातभार लावावा. तिने सगळे भाग गोळा केले, मोठ्या पातेल्यात सोडा टाकून वीस मिनिटं उकळले, आणि चिमट्याने एकेक काढून पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडले. शस्त्रक्रियेची हत्यारं मांडतात तसे. पितळ सोन्यासारखं लखलखत होतं. चामडं मात्र आखडून मनुक्यासारखं झालं होतं. संध्याकाळी भाऊ आला. बराच वेळ फडक्याकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "राहू दे, ताई."

तेवढंच. त्यानंतर महिन्याभरात गाडीवर ताडपत्री पडली. ती पुन्हा निघाली ती तो गेल्यावर, तिच्या हाताने.

"चौतीस वर्षं थिएटरला काढली," सिस्टर म्हणाली, "माझ्या हातून पोटात कापसाचा धागा राहिला नाही. आणि घरातल्या माणसाचं एकच सुख होतं, ते उकळून टाकलं."

उस्तादने लवंग या गालातून त्या गालात नेली. "बरं, चला," तो म्हणाला. "मला काय लागेल ते हातात द्यायचं. तुमच्या डॉक्टरांना द्यायचात तसं."

"नको. मी उघडते. तू बघ."

तिने मडगार्डवर पांढरा फडका पसरला. शेजारी इनॅमलचा ट्रे. डब्याच्या झाकणाला कडेने सात भोकं होती. ती एकेक स्क्रू काढून ट्रेमध्ये ठेवू लागली आणि सवयीने मोठ्यांदा मोजू लागली. थिएटरात मोजणी एकट्याने करायची नसते. एकीने म्हणायचं, दुसरीने ऐकून तोच आकडा परत म्हणायचा. तेव्हाच ती धरायची. एकटीची मोजणी कागदावर चढत नाही.

"एक," ती म्हणाली, आणि जरा थांबली. शेडमध्ये पत्र्यावर कावळ्याची नखं वाजली.

"दोन."

दुसरा सहज आला. तिसरा अडकत आला. चौथा तिरपा होता. पाचव्याला उस्तादने हात लावला तेव्हा कुठे तो सुटला. सहावा निघाला तो आट्यांचा भुगा घेऊनच. सातव्या भोकात काहीच नव्हतं.

झाकण उचललं. सिस्टर वाकली आणि तशीच राहिली.

आत वॉशर होता. नवा, तपकिरी, मऊ. कडा साच्याने ठोकून काढल्यासारखी गोल.

"हा घ्या!" उस्ताद म्हणाला. "घातलाय की माणसाने. फर्मास कापलाय. पण हे चामडं बाजारातलं नाही, पट्ट्याचं वाटतंय."

पट्ट्याचंच होतं. सिस्टरला तो पट्टा ठाऊक होता. मधेच एकदा तो आखूड दिसायला लागला होता, शेवटच्या भोकात जेमतेम पोचायचा. ती म्हणाली होती, पट्टा आटला की पोट सुटलं? भाऊ हसला होता. पोटाला थापटी मारून म्हणाला होता, "तुझा स्वयंपाक."

म्हणजे तिची चूक त्याने तेव्हाच निस्तरली होती. महिन्याच्या आत. आणि नऊ वर्षं सिस्टर ती चूक उशाला घेऊन झोपत होती.

"मग थांबला का?" ती स्वतःशीच म्हणाली. "सगळं बसवून झालं होतं. मग का थांबला?"

उस्ताद झाकण उजेडाला धरून फिरवत होता. स्क्रूच्या भोकांभोवती पितळेवर ओरखडेच ओरखडे होते. बारीक, वेडेवाकडे, एकावर एक.

"सिस्टर, राग मानू नका. भाऊ घेत होता का?"

"नाही. कधीच."

"नाही, कारण पिऊन आलेला माणूस दाराच्या कुलपाभोवती किल्लीने असेच ओरखडे काढतो. हे बघा, पेचकस घसरलाय. इथे घसरलाय. इथे पुन्हा. पहिले दोन जेमतेम सरळ बसलेत. पुढचे तिरपे शिरलेत, आटे मेलेत." त्याने आवाज खाली आणला. "हात थरथरत असला की असं होतं. माझ्या वस्तादाचं शेवटी शेवटी झालं होतं."

सिस्टरने ट्रेकडे पाहिलं. सहा.

"एक कमी आहे," ती म्हणाली.

"माझ्याकडे ढिगाने पडलेत. आणतो."

"नाही. आहे तो. थांब."

ती घरात गेली. भावाच्या खोलीत खिडकीखाली कपाट होतं, कपाटात दाढीचा डबा. तो गेल्यावर सामान आवरताना तिने हा डबा एकदा उघडला होता. ब्रश कोरडा, पाती कागदातून न काढलेली. आणि तळाशी एक बारकासा पितळी स्क्रू. चष्म्याचा असेल असं समजून तिने तो परत तिथेच टाकला होता.

आता तिने तो तळहातावर घेतला, आणि हातातला डबा तिला नीट दिसला.

दाढी त्याने त्याच वर्षी वाढवली होती. ती म्हणाली होती, काय हा अवतार, बैरागी व्हायचंय का? आणि चहा. कपबशी नको, पेल्यात दे, म्हणाला होता. पेला गरम लागतो रे, तर म्हणाला, लागू दे. बशीत कप वाजतो, हे तिला कळायला नको होतं म्हणून. नाडीचे बूट सोडून चपला आल्या. वाढदिवसाला तो दरवर्षी तिला दोन ओळींची एक चिठ्ठी लिहायचा, सुंदर वळणदार अक्षरात; ती बंद झाली. वय झालं, आळशी झाला, असं ती म्हणायची. दाढी, पेला, चपला, चिठ्ठी. प्रत्येक गोष्ट तिने पाहिली होती. वॉर्डातल्या कुणा परक्या माणसात यातल्या दोन जरी दिसल्या असत्या, तरी तिने डॉक्टरांना हाक मारली असती. इथे मोजणीच केली नाही.

आणि त्यानेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो तिचा पेशंट झाला असता. त्याला बहुधा भाऊच राहायचं होतं.

ती पलंगाच्या कडेवर थोडा वेळ बसली. मग उठून तोंड धुतलं.

शेडमध्ये उस्तादने मेलेले आटे नव्याने पाडून ठेवले होते. "स्क्रू पण नवेच टाकू," तो म्हणाला. "हे वाकलेत."

"राहू दे," सिस्टर म्हणाली, आणि तो शब्द स्वतःच्याच तोंडून ऐकून जरा थबकली. "हेच घालू. सरळ करून दे."

त्याने एकेक स्क्रू फळीवर ठेवून हलकेच ठोकून दिला. ती बसवू लागली.

"मी आकडा म्हणेन. तू तोच परत म्हणायचास."

"कशाला?"

"म्हण. एक."

"एक," उस्ताद म्हणाला. आधी हसून, पण तिसऱ्यापर्यंत त्याचं हसू गेलं. त्याने तोंडातली लवंग काढून खिशात ठेवली. "चार." "पाच." "सहा."

सातवा तिने मुठीतून काढला. तो ऊबदार झाला होता. सरळ बसला.

"सात," ती म्हणाली.

"सात, सिस्टर."

पेट्रोलची टाकी गंजून गेली होती, म्हणून उस्तादने एक बाटली बॉनेटच्या कडीला उलटी टांगली आणि नळी खाली सोडली. "सलाईन लावलं," तो म्हणाला, पण हळू आवाजात. मग पुढे जाऊन त्याने हँडल घातलं. पहिल्या झटक्याला नुसती खोकली. दुसऱ्याला काहीच नाही. तिसऱ्याला हँडल उलटं फिरलं आणि त्याने एक शिवी अर्धीच गिळली. चौथ्याला इंजिनातून धुराचा लोट आला, पत्र्यावरचे कावळे उडाले, आणि गाडी सुरू झाली.

सुरू झाली ती झालीच. आधी अडखळत, मग एका सुरात.

"ही चालत येणार, सिस्टर!" उस्ताद ओरडला. कपाळाला काजळी, डोळ्यांत पाणी, म्हणायला धुराचं. "शनिवार कशाला, आत्ताच नेतो. थांबा, फाटक उघडून येतो. तुम्ही बसा आत!"

तो अंगणातून धावत गेला. फाटकाची कडीही गंजलेली होती. तो तिच्याशी झटापट करताना ऐकू येत होतं.

सिस्टरने टप मागे दुमडला. तिचे टाके घडीत नीट बसले. गाडी चालवता तिला येत नव्हती. ती पलीकडून फिरून आली, दुसरं दार उघडलं आणि आपल्या बाजूच्या सीटवर बसली. या सीटवर ती आजवर कधी बसली नव्हती. तरी ती आपली बाजू हे तिला माहीत होतं.

शेजारची सीट रिकामी होती. तिच्यापुढे स्टिअरिंग एकसारखं थरथरत होतं. बारीक, न थांबणारी थरथर.

तिने उजवा हात लांब करून त्याच्या कडेवर दोन बोटं ठेवली. दुसरं मनगट उलटं करून घड्याळाकडे नजर लावली, आणि सेकंदकाटा बारावर येताच हळू आवाजात मोजायला सुरुवात केली.