पिठाच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

स्वयंपाकघराच्या दारावरची अठ्ठाविसावी चिठ्ठी आईने नखाने खरवडून काढली आणि पिठाच्या डब्यात टाकली. डिंक जुना होता. चिठ्ठीबरोबर रंगाचा एक पोपडाही निघून आला.

"आई, ती ढगाची आहे," भिंगरी म्हणाली. "ढगाचं वजन किती. अजून सापडलेलं नाहीये."

"सापडेल. आधी तपासणीच्या बाई येऊन जाऊ देत."

"पण डब्यात कशाला?"

"कोणी येणार म्हटल्यावर घर आवरायला नको?"

"त्यांनी वाचल्या तर काय होईल?"

आईने डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

खिडकीपाशी शेंगा सोलत बसलेल्या आजीने मान वर केली. "लपव, लपव. मागच्या वर्षी मलाही कपाटात ठेवणार होतीस."

"आजी, आज जरा कमी बोला हं."

"कमी म्हणजे किती? माप आणून दे, त्यात मावेल तेवढंच बोलते."

भिंगरी दहा वर्षांची. शाळेत होती तेव्हा रोज सकाळी साडेसातला तिच्या पोटात कळ यायची आणि सुट्टीच्या दिवशी ती कळही सुट्टी घ्यायची. दोन डॉक्टर झाले, तीन प्रकारची औषधं झाली. शेवटी आईने नोकरी सोडली आणि मुलीला घरीच शिकवायला घेतलं. त्याला आता चार वर्षं झाली होती. दरवर्षी शिक्षण खात्याकडून कोणीतरी येई, वह्या चाळून परवानगीच्या कागदावर सही करून जाई. या वर्षी मात्र पत्रात जास्तीचं एक वाक्य होतं: तपासणी समाधानकारक न वाटल्यास पुढच्या महिन्यापासून मुलीला शाळेत पाठवावं लागेल. ते वाक्य आईला पाठ झालं होतं. भिंगरीला ते अजून कोणी वाचून दाखवलं नव्हतं.

आईला खरं म्हणजे भ्यायचं कारण नव्हतं. या विषयात तिचा शब्द शेवटचा मानला जाई. मुलांना घरी शिकवणारे आईबाप तिला फोन करत, आणि भाजी परतता परतता ती सल्ले देई. गणित सकाळी घ्या, पोट भरल्यावर नको. मूल कंटाळलं तर ओरडू नका, दोघं मिळून कपडे वाळत घाला आणि मग परत बसा. वाचत नाही म्हणून रडू नका, तुम्ही स्वतः वाचत बसा आणि त्याला काही सांगू नका. तिची कीर्ती इतकी लांबवर गेली होती की ज्यांना मूलबाळ नव्हतं असेही दोघेजण नेमाने फोन करत. त्यांतला एक तर सल्ला ऐकून कुत्र्याला अंकगणित शिकवत होता आणि वजाबाकीपर्यंत पोचला होता, असं आजी सांगे. कुत्रा की तो, ते ती सांगत नसे.

बरोबर अकराला घंटी वाजली.

तपासणीच्या बाई साठीला टेकलेल्या होत्या. पायांत मऊ बूट, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी पाणी मागितलं, सगळं प्यायल्या आणि जेवणाच्या टेबलाशी बसल्या. वह्यांचा गठ्ठा आईने आधीच विषयवार लावून ठेवला होता. बाईंनी तो हळूच बाजूला सरकवला.

"वह्या छान असतातच. मी जरा हिच्याशी बोलते. सात आठे?"

"छप्पन्न."

"पाणी किती अंशांना उकळतं?"

"शंभर. पण कुकरमध्ये जास्त. कुकरमध्ये किती ते माहीत नाही," भिंगरी म्हणाली आणि बक्षीस मिळाल्यासारखी हसली.

बाईंनी काहीतरी लिहिलं. "बरं. सगळ्यांत मोठा प्राणी कोणता?"

"आजचा की आजवरचा?"

"तू सांग."

"आजचा देवमासा, निळा. आजवरचा माहीत नाही. अजून सगळी हाडं कुठे सापडलीत?" पुन्हा तेच हसू.

"माहीत आहे तिला," आई म्हणाली. "परवाच आम्ही..."

"मी तिला विचारतेय," बाई शांतपणे म्हणाल्या.

आईने ओठ मिटले. पुढच्या दहा मिनिटांत भिंगरी आणखी चार वेळा "माहीत नाही" म्हणाली आणि दर वेळी तिची मान जरा अधिकच ताठ झाली. टेबलाखाली आईने पदराच्या टोकाची सुरळी केली, सोडली, परत केली. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मला एक कळत नाहीये. तुला येत नाही, तरी तू इतकी खूश का?"

भिंगरीला प्रश्नच समजला नाही. "आमच्याकडे तसंच आहे. जो खरंखरं माहीत नाही म्हणेल त्याची चिठ्ठी दारावर लागते. मग सगळ्यांनी मिळून शोधायचं. आणि त्याला त्या दिवशी भांडी घासायला लागत नाहीत."

"म्हणून माझा मुलगा रोज अडाणी असतो," आजी म्हणाली. "दिवसभर लोकांच्या घरी फरश्या बसवतो, हजार हजार तुकडे अचूक मोजतो, आणि घरी आला की त्याला दोन अधिक दोन आठवत नाही."

"खोटं माहीत नाही चालत नाही," भिंगरीने खुलासा केला. "बाबांच्या तीन चिठ्ठ्या रद्द झाल्या."

"आणि दारावर तर काहीच दिसत नाही," बाई म्हणाल्या.

"त्या पिठाच्या डब्यात आहेत. तुम्ही येणार म्हणून घर आवरलं."

एका शेंगेतला दाणा उडून जमिनीवर पडला आणि घरंगळत राहिला. आई उठली. तिने डबा आणला, झाकण उघडलं आणि एकेक चिठ्ठी झटकून टेबलावर ठेवू लागली. तिच्या कोपरापर्यंत पीठ लागलं. बाईंनी चष्मा चढवला आणि सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. मुंग्या झोपतात का. आरसा कोणत्या रंगाचा. आजी खोटं बोलताना डावा पाय का हलवते. प्रत्येकीखाली नाव होतं: भिंगरी, बाबा, आजी, आजी, भिंगरी.

"तुमची एकही नाही," बाई आईला म्हणाल्या.

"मी शिकवते ना," आई म्हणाली.

"हं." बाईंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा नीट केला. "दोन-तीन वर्षांनी हिचं बीजगणित सुरू होईल. रसायनशास्त्र येईल. तेव्हा कसं करणार?"

हा प्रश्न आईला फोनवर शेकडो वेळा विचारला गेला होता. "त्याचं असं असतं," तिने सुरुवात केली, "की पालकाला सगळं यायला हवं असं नाही. साधनं असतात, पुस्तकं असतात, आठवड्याचं वेळापत्रक..."

"ते इतर पालकांचं झालं. मी तुमचं विचारतेय. एक दिवस हिचा प्रश्न तुमच्या डोक्यावरून गेला आणि परत आलाच नाही, तर?"

आईने तोंड उघडलं. समोर परवानगीचा कागद होता, सहीची जागा कोरी. भिंगरी तिच्याकडे बघत होती. दूध उतू जायच्या बेतात असताना बघावं, तशी. आईने टेबलावरचं पीठ तळव्याने एका बाजूला ओढलं, मग दुसऱ्या बाजूला.

"माहीत नाही," ती म्हणाली.

आजीने हातातली शेंग न सोलताच परातीत ठेवली.

"मला भीती वाटते त्याची," आई पुढे म्हणाली, आणि मग आणखी हळू, "बीजगणितात मी नापास झाले होते. दोनदा."

भिंगरीने आपली खुर्ची उचलून आईच्या खुर्चीला लावून ठेवली आणि तिथे बसली.

बाई बराच वेळ लिहीत होत्या. मग त्यांनी सही केली आणि कागद फिरवून आईपुढे ठेवला. "एका वर्षाची देतेय. पुढच्या वर्षी हाच प्रश्न तुम्हालाच विचारणार."

"विचारा," आई म्हणाली. तिला कागद हातात घेता येईना, हात पिठाचे होते.

बाईंनी पेन ठेवलं, चष्मा ठेवला, पिशवीचा बंद खांद्यावर घेतला. उठल्या मात्र नाहीत.

"माझी नात आहे," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "सहा वर्षांची. शाळेतून आली की टेबलाखाली जाऊन बसते. जेवते पण तिथेच. लेक म्हणते, तू एवढी शाळा तपासणारी, तूच सांग काय करू." त्या किंचित हसल्या. "चाळीस वर्षं या खात्यात काढली मी."

सल्ला आईच्या जिभेवर तयार होता, पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत. आजीला तो तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. तिने शेंगांची परात मांडीवरून खाली ठेवली आणि वाट पाहिली.

आईने हात पुसले. खुर्ची थोडी पुढे ओढली.

"टेबलाखाली काय करते ती?" तिने विचारलं.

बाईंनी पिशवी खांद्यावरून उतरवली. "मी कधी वाकून पाहिलं नाही," त्या म्हणाल्या.